उसने शब्द

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, आणि तरीही आमच्या घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सर्वांत अधिक तिलाच येत असे. नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात आमचे माळवदाचे घर होते. रात्रीची जेवणे आटोपली की आजी कंदिलाची काच राखेने पुसून वात लावी, मला समोर बसवी आणि म्हणे, “वाच, बाये.” मी तेव्हा तिसरीत असेन. कडा झिजलेले ते जाड पुस्तक मांडीवर घेऊन मी एकेक शब्द जुळवीत वाचू लागले की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला हमखास चुकत असे, आणि भिंतीला टेकून बसलेली आजी डोळे न उघडताच ती चूक दुरुस्त करी. तिने ही वचने लहानपणी, गावोगाव पायी फिरणाऱ्या बायबलबाईच्या तोंडून ऐकली होती. ऐकता ऐकता ती तिच्या जिभेवर बसली होती. मग तिला माझे वाचन कशाला हवे असते, असे मी एकदा तिला विचारले. ती म्हणाली, “माझ्याजवळचं सरतं गं. रोज थोडं उसनं घ्यावं लागतं.”

उसनवारी हा आमच्या गल्लीचा रोजचा व्यवहार होता. कुणाकडून वाटीभर मीठ, कुणाकडून ताटभर पीठ, पावसाळ्यात चूल पेटेना तर शेजारणीच्या चुलीतला विस्तव. परत करताना माप सपाट भरून देत नसत, शिगोशीग भरून देत. उसने मागण्यात कमीपणा नसे, कारण आज मागणारी उद्या देणारी असे. आजीचे देवाशी असलेले नाते मला पुढे याच व्यवहाराच्या भाषेत कळत गेले, आणि माझ्याजवळचे सगळे शब्द सरले तेव्हा तिचे ते वाक्य मला पुन्हा ऐकू आले. त्याविषयीच लिहायचे आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता, विहिरीच्या तळाशी चिखल उरला होता, आणि गावातली बहुतेक माणसे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळे. रेशनच्या दुकानात मिलो नावाची तांबडी, परदेशातून आलेली ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडकल्यासारखी वाटे. आमचे दोन्ही बैल बाजारात गेले होते, आणि ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी वडील जेवले नाहीत. अशा त्या दिवसांतही आजीची रात्रीची प्रार्थना चुकली नाही. तिची प्रार्थना म्हणजे दिवसभराचा हिशेबच असे. आज घागरभर पाणी मिळाले, शेजारच्या पोराचा ताप उतरला, मिलोची का होईना पण चार भाकऱ्या झाल्या, सुनेच्या बोटावर हातोडी बसता बसता वाचली. एकेक गोष्ट ती नाव घेऊन सांगे, आणि प्रत्येकीपुढे “तुझे उपकार, बापा” असे म्हणे.

त्या वर्षी आमच्याकडे एक नातेवाईक मुक्कामाला आले होते. त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितले की दुष्काळही देवानेच आपल्या भल्यासाठी धाडला आहे, तेव्हा त्याबद्दलही उपकार मानले पाहिजेत. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दुष्काळात मानीन. दुष्काळाचे नाही मानणार.” येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा” अशी आज्ञा आहे, आणि मूळ ग्रीक वाक्यही प्रत्येक स्थितीमध्ये असेच सांगते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. आजीने ग्रीक भाषेचे नावही ऐकले नसेल. परंतु एका विभक्तिप्रत्ययात किती माणुसकी सामावलेली असते, हे तिला त्या पत्राच्या लेखकाइतकेच ठाऊक होते असे मला वाटते. उपासमारीने मेलेल्या वासराबद्दल आभार मानायला लावणारा देव तिच्या ओळखीचा नव्हता. त्या वासराशेजारी बसून रडणाऱ्या माणसाला घागरभर पाणी देणारा देव तिच्या ओळखीचा होता.

उपकारस्तुती हा शब्दही मला फार आवडतो. आभार मनातल्या मनात मानता येतात, कृतज्ञता उरात बाळगता येते, पण स्तुती मुकेपणाने करता येत नाही. तिला तोंड लागते, आणि बहुधा ऐकणारे कान लागतात. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दहा कुष्ठरोगी येशूला भेटतात त्या प्रसंगाकडे माझे लक्ष याच कारणाने वारंवार जाते. दया कर, अशी हाक ते दहाही जण मिळून, एका आवाजात मारतात. बरे झाल्यावर मात्र एकच जण परत येतो, तो मोठ्याने देवाचे गौरव करीत येतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका असतो. उरलेल्या नऊ जणांचे बरेपण काढून घेतले गेले, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. ते बरेच राहिले. त्यांच्या हातून निसटले ते एवढेच, की ज्या आवाजाने त्यांनी मागितले होते तो आवाज परत नेऊन देण्याचे राहून गेले. उसने फेडायचे राहून गेले, असे आजी म्हणाली असती.

मराठीत हे शब्द आमच्यापर्यंत पोहोचले, त्यामागे पुष्कळ माणसांची आयुष्ये आहेत. मिशनरी विल्यम कॅरे यांच्या देखरेखीखाली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, छापून निघाला. पण मला विशेष जवळचे वाटते ते पंडिता रमाबाईंचे काम. दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्तिसदनात आणले, आणि त्याच केडगावात त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल नव्याने मराठीत आणण्यास घेतले. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीला हवी होती ती फार साधी मराठी, न शिकलेल्या बाईला ऐकूनच समजेल अशी. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. माझ्या आजीसारख्या हजारो बायका ‘वाचक’ या शब्दात बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी एक पंडिता आयुष्याची शेवटची वर्षे खर्च करते, यातली करुणा मला आजही हलवून सोडते.

मी मोठी झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, लग्न होऊन नगर शहरात आले. माझे पती माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवीत. बोलण्याची त्यांना विलक्षण आवड. शाळेतून आल्यावर चहा निवेपर्यंत ते मला त्या दिवशीचा तास पुन्हा शिकवून दाखवीत, आणि मी अनेकदा वह्या तपासता तपासता अर्ध्या कानाने ऐके. २०१७ च्या ऑगस्टमधल्या एका पहाटे ते उठून बसले, काहीतरी सांगू लागले, आणि त्यांच्या तोंडून निघालेले शब्द कोणत्याच भाषेतले नव्हते. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाला होता. उजवा हात आणि पाय गेले, आणि वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला वाचाघात असे नाव सांगितले: माणसाला समजते बरेचसे, पण सांगायला शब्द सापडत नाहीत. कित्येक आठवड्यांनी त्यांच्यापाशी एकच शब्द परत आला, तो म्हणजे “बरं”. भूक लागली तरी बरं, दुखले तरी बरं, रडू आले तरी बरं. इतका बोलणारा माणूस एका शब्दावर येऊन थांबला.

त्यांची वाचा गेली तशी माझी प्रार्थनाही गेली. हे मी कुणाला सांगितले नव्हते, कारण मंडळीतल्या महिला सभेत मीच वचनावर बोलत असे. भेटायला येणारी माणसे प्रेमानेच येत, आणि जाताना एखादे वचन हातावर ठेवून जात: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, वगैरे. मी मान डोलावी. रात्री मात्र मला आठवे की दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच वचन याच आवाजात मी स्वतः कितीदा सांगितले होते. आणि ते खरे असूनही, त्या घरातल्या माणसाला त्या घटकेला ते कसे लागले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

अशा वेळी मला आजीच्या कंदिलाची आठवण झाली. “तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे व माझ्या मार्गावर प्रकाशासारखे आहे,” हे एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातले वचन आमच्याकडे भिंतीवर लावलेले होते. लहानपणी रात्री मला मळ्यात निरोप द्यायला धाडताना आजी कंदील हातात देई आणि बजावी, “तोंडासमोर धरू नको. गुडघ्यापाशी धर.” तोंडासमोर धरलेल्या कंदिलाने स्वतःचेच डोळे दिपतात, समोरून येणाऱ्याचेही दिपतात, आणि पायाजवळचा विंचू कुणालाच दिसत नाही. इतकी वर्षे मी वचन उंच धरून चालले होते. ते खाली, स्वतःच्या पावलांपाशी धरायचे म्हणजे काय करायचे, हे मला शिकायचे होते, आणि पन्नाशी उलटल्यावर ते शिकणे सोपे नव्हते.

आरंभी मी चुकीच्याच रीतीने शिकू पाहिले. डोळे मिटून पुस्तक उघडायचे आणि जिथे बोट पडेल ते माझ्यासाठी देवाचे उत्तर मानायचे, असे मी काही दिवस केले. पुष्कळ भाविक माणसे असे करतात, आणि त्यांच्या तळमळीविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण माझे बोट पडले ते इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळींवर, अमक्याचा मुलगा तमका अशा पानेच्या पाने चालणाऱ्या नावांवर. यांना मोठ्या शहरात न्यावे का, मी नोकरी सोडावी का, गावाकडचे घर विकावे का, यांपैकी एकाही प्रश्नाला तिथे उत्तर नव्हते. मी पुस्तक मिटले. पवित्र शास्त्र चिठ्ठ्या टाकण्याची पेटी नव्हे, हे मला त्या रात्री निराशेतून का होईना, समजले. दुसऱ्या दिवसापासून मी मार्कचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून क्रमाने वाचायला घेतले, कारण ते चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे आणि माझ्यात त्याहून अधिक वाचण्याचे बळ नव्हते.

दुसऱ्याच अध्यायात तो प्रसंग आला. कफर्णहुमात येशू एका घरी असतो, दाराशी गर्दी मावेनाशी झालेली असते, आणि एका पक्षघाती माणसाला चौघे जण उचलून आणतात. आत शिरता येत नाही म्हणून ते घरावर चढतात, छप्पर उकरतात आणि ज्या बाजेवर तो पडलेला असतो ती बाज खाली सोडतात. रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली होती. आमच्या गावाकडच्या मुलांना छप्पर उकरण्याचे नवल कधीच वाटत नसे, कारण तुळया, त्यांवर किलचाने, त्यांवर मातीचा थर अशी माळवदाची बांधणी आणि त्या काळच्या गालीलातल्या घरांची बांधणी यांत फारसे अंतर नाही. उजेडासाठी ठेवलेले सवणे थोडे मोठे केले की माणूस खाली उतरू शकतो, हे त्यांनी घरी पाहिलेले असे. बाजही त्यांच्या ओळखीची. म्हणून मलाही ही गोष्ट पाठच होती. पण पलीकडच्या खोलीत माझा पती बाजेवर पडलेला असताना ती वाचली, तेव्हा आजवर कधी न दिसलेली एक गोष्ट दिसली. तो पक्षघाती माणूस संपूर्ण प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. तो काही मागत नाही, विश्वासाची कबुली देत नाही, बरा झाल्यावरही काही म्हटल्याची नोंद नाही. आणि मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा.

मी ते वाक्य किती वेळ पाहत बसले, हे मला सांगता येणार नाही. मुक्या माणसाच्या वतीने दुसऱ्यांचा विश्वास देवाच्या दारी चालतो, हे तिथे इतक्या सरळ शब्दांत लिहिलेले होते. त्यात माझ्यासाठी दिलासा होता, आणि आज्ञाही होती. कारण बाज चौघांनी उचललेली होती, आणि मी ती एकटीने उचलू पाहत होते. मदत करू का, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी “नको, जमते मला” असे उत्तर देत आले होते आणि त्याला सोशिकपणा समजत होते. तो अहंकार होता. ज्या गल्लीत मी वाढले तिथे उसने मागण्यात कमीपणा नव्हता, हे मी विसरले होते.

मार्गदर्शन म्हणतात ते मला असे मिळाले. आकाशवाणी झाली नाही, पुढच्या दहा वर्षांचा नकाशा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळकसाहेबांना दूरध्वनी केला आणि म्हटले, “मला माणसे हवी आहेत.” मंडळीतले एक रिक्षाचालक, एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा आणि शेजारचे एक काका यांनी आठवड्याचे वार वाटून घेतले आणि यांना व्यायामाला नेण्या-आणण्याचे काम उचलले. शेजारचे काका वारकरी. दर आषाढीला पायी पंढरपूरला जाणारे. मोजून चारच जण झाले हे माझ्या ध्यानात पुष्कळ दिवसांनी आले. मी शाळेत पुन्हा रुजू झाले, आणि गावाकडचे घर विकण्याचा प्रश्न मागे पडला.

मग तो रविवार आला. त्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच यांना उपासनेला नेले होते. चाकांची खुर्ची शेवटच्या बाकाशेजारी लावली होती. त्यांच्या जागी पेटीवर दुसरे कुणी बसले होते, आणि त्यांना ते पाहवेल की नाही या चिंतेने मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतही नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन सुरू झाले. टिळकांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने दिलेला नवा करार वाचून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने, त्यांचे अंतःकरण जिंकले, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणूनच त्यांची भजने ओवी-अभंगाच्या चालीवर, टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणण्यासारखी आहेत, आणि महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये ती शंभर वर्षांहून अधिक काळ म्हटली जात आहेत. माझे पती ती आईच्या मांडीवर शिकले होते.

दुसऱ्या कडव्याला माझ्या उजव्या कानाशी एक घोगरा, घसरता आवाज आला. तो शब्द म्हणत होता. “बरं” नव्हे, भजनातले शब्द, एकामागून एक, बहुतेक सगळे. मी गायचे थांबले. पुढच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली, आणि मग कुणीतरी, कोण ते मला आजही माहीत नाही, पहिल्या कडव्यापासून ते भजन पुन्हा सुरू केले. संपूर्ण मंडळीने ते पुन्हा म्हटले. भजन संपले. मी त्यांना विचारले, “कसं वाटलं?” ते म्हणाले, “बरं.”

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी नंतर समजावून सांगितले की बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात, पण सुरांचे काम मोठ्या प्रमाणावर उजवी बाजू करते. शिवाय लहानपणापासून शेकडो वेळा घोकलेल्या गोष्टी, गाणी, प्रार्थना, वारांची नावे, या नव्याने वाक्य जुळवावे न लागता बाहेर पडतात. त्यामुळे स्वतःचे एक वाक्य न बोलू शकणारा माणूस गाऊ शकतो. हे कारण ऐकून माझा आनंद कमी झाला नाही. देवाने माणसाच्या मेंदूत असा आडमार्ग ठेवलेला आहे, आणि आमच्या आईबापांनी रोज संध्याकाळी बळेबळे म्हणून घेतलेली भजने त्याच आडमार्गावर साठवली जात होती, हे कळल्यावर मी उलट अधिकच भारावले. स्वतःचे शब्द गेले होते. उसने घेतलेले शिल्लक होते.

आनंदाविषयीची माझी समजूत त्या दिवसापासून बदलली. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र आनंदाचे पत्र म्हणून ओळखले जाते. चार अध्यायांच्या त्या लहानशा पत्रात आनंद करा, आनंद करा, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि हे सगळे तो बंदिवासात, बेड्यांत असताना लिहितो. पूर्वी हे वाचताना पौल मला माणसापेक्षा काहीतरी निराळा, दुःख न लागणारा वाटे. आता त्याच पत्राचा दुसरा अध्याय मला थांबवतो. फिलिप्पैच्या मंडळीने मदत घेऊन पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी गेला होता, त्याविषयी पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. आनंदाची आज्ञा देणारा माणूस मित्राच्या आजारपणात रात्री जागला होता. त्याच्या आनंदाला मित्राच्या अंथरुणाशेजारची जागा ठाऊक होती, म्हणून तो मला आता पटतो. ग्रीक भाषेत आनंद, कृपा आणि उपकारस्तुती हे तिन्ही शब्द, खारा, खारिस आणि युखारिस्तिया, एकाच घराण्यातले आहेत, असे एका पाळकांनी प्रवचनात सांगितले होते. प्रभुभोजनाच्या विधीला जगभरातल्या अनेक मंडळ्या यांपैकी तिसऱ्याच शब्दावरून आलेले नाव देतात. भाकर हाती घेऊन येशूने उपकारस्तुती केली ती त्याच रात्री, ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले.

आणि धरून दिल्यानंतरचा दिवस. वधस्तंभावरून येशूने जी हाक मारली, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”, ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. नासरेथातल्या एखाद्या घरात, मरीयेच्या किंवा योसेफाच्या तोंडून, लहानपणी ऐकलेली असावी अशी. लूक जे शेवटचे वाक्य नोंदवतो, प्राण देवाच्या हाती सोपवण्याचे, तेही एकतिसाव्या स्तोत्रातले. जो स्वतः शब्द आहे असे योहान लिहितो, त्यानेही शेवटच्या घटकेला शब्द उसने घेतले. हे लिहिताना माझा हात थोडा थांबतो. प्रार्थना सुचत नाही म्हणून मी जी लाज बाळगत होते, ती या एका गोष्टीने धुऊन निघाली.

स्तोत्रांच्या पुस्तकात सर्व तऱ्हेचे शब्द उसने मिळतात, हेही मी तेव्हाच शिकले. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारावर होतो. त्याला आशेचे ठिगळही लावलेले नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तेराव्या स्तोत्रात “कोठवर” हा प्रश्न चार वेळा येतो. आणि शब्दच नसतील त्या अवस्थेसाठी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात असे लिहिले आहे की काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. रात्री बाजेवरून येणारे कण्हणे मी पूर्वी केवळ दुखण्याचा आवाज म्हणून ऐकत असे.

पिकांबद्दलच्या उपकारस्तुतीची उपासना आमच्याकडे दरवर्षी होते. कणसांच्या पेंढ्या, भोपळे, शेंगा, अंडी, एखादी कोंबडी, असे जे ज्याच्या घरी पिकले ते वेदीपुढे आणून ठेवतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. २०१८ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला होता, वेदीपुढचा ढीग लहान होता, आणि पाळकसाहेबांनी हबक्कूक संदेष्ट्याचे शेवटचे शब्द वाचले: अंजिराचे झाड न फुलले, द्राक्षीच्या वेलीस फळ न आले, शेतात धान्य पिकले नाही, गोठ्यात गुरेढोरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन. बहात्तर साली हाच भाग ऐकला तेव्हा मी अंजीर किंवा द्राक्ष पाहिलेले नव्हते, पण रिकामा गोठा पाहिला होता. या खेपेला माझे लक्ष त्याच्याही पुढच्या, सहसा वाचून न दाखवल्या जाणाऱ्या ओळीकडे गेले. ते संपूर्ण वचन संपल्यावर एक सूचना आहे: हे मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यांवर. म्हणजे हे उद्गार एका बुडालेल्या माणसाने एकांतात काढून तिथेच सोडलेले नाहीत. ज्याच्याजवळ त्या दिवशी उल्लास नसेल त्यालाही इतरांच्या आवाजात मिसळून म्हणता यावेत, म्हणून ते गाण्यासाठी लिहून ठेवले आहेत. माझ्या पतींनी डाव्या हाताने बाजरीची एक पेंढी उचलून वेदीपुढे ठेवली. शेजारचे काका ती पेंढी लिलावात घेण्यासाठी मुद्दाम आले होते.

घरी रोज संध्याकाळी आम्ही तेविसावे स्तोत्र म्हणतो. ताईंनी सांगितलेला हा उपचारही आहे आणि आमची प्रार्थनाही. मी ओळ सुरू करते आणि शेवटच्या शब्दाआधी थांबते. तो शब्द त्यांनी भरायचा. “परमेश्वर माझा” असे मी म्हणते, ते म्हणतात, “मेंढपाळ.” “तुझी आकडी व तुझी” असे मी म्हणते, ते म्हणतात, “काठी.” आमच्या भागातल्या धनगरांच्या हाती आकडी मी लहानपणापासून पाहिली आहे. बाभळीची उंच फांदी आकडीने ओढून ते खाली धरतात, आणि ज्या शेंगांपर्यंत मेंढराचे तोंड कधीच पोहोचले नसते त्या शेंगा त्याच्या पुढ्यात येतात. ती आकडी मला धीर देते असे म्हणताना मला पूर्वी संरक्षण आठवे, आता ती वाकवलेली फांदी आठवते.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी होती, औषधाचे थेंब होते, वाचायचे नव्हते. संध्याकाळ झाली तरी मी दिवा न लावता पडून राहिले. स्तोत्र मला पाठ आहे, म्हणता आले असते. पण थकवा होता, आणि एक दिवस चुकला तर काय, असे मनात आले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते माझ्या उशाशी आले, आणि अंधारात त्यांचा आवाज ऐकू आला, “परमेश्वर माझा.”

आणि ते थांबले. पुढचा शब्द त्यांना येतो, हे मला ठाऊक होते. ते माझी वाट पाहत होते.

“मेंढपाळ,” मी म्हटले.